नवऱ्याची स्पॉन्सरशिप, जुना पासपोर्ट आणि तारखांची वही

१९ फेब्रुवारी २०१७. ही तारीख मी जन्मात विसरणार नाही, आणि ती ना आमच्या लग्नाची आहे ना कुणाच्या वाढदिवसाची. त्या दिवशी माझा नवरा दुबईहून भारतात परत आला होता, आणि तेव्हा तर आमची ओळखसुद्धा नव्हती. पण या एका तारखेपायी आमची स्पॉन्सरशिपची, म्हणजे नवऱ्याला कॅनडात कायमचं बोलवून घ्यायच्या अर्जाची, फाईल अडकली, आणि मी सलग पाच-सहा रात्री धड झोपले नाही.

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघीजणींनी मला विचारलं की नवऱ्याला कॅनडात बोलवायचंय, कागद काय काय लागतात. प्रत्येकीला फोनवर तास तास सांगून झालं, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते. कागदांची यादी मी इथे देत बसणार नाही, ती आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, साईटवर आहे, आयएमएम ५५३३ नावाची चेकलिस्ट, ती नवरा-बायकोच्या अर्जासाठीच आहे आणि अधूनमधून बदलते, त्यामुळे ज्या दिवशी कामाला बसाल त्या दिवशी नवीन डाउनलोड करा, मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी पाठवलेली वापरू नका. मला सांगायचंय ते त्या यादीत नाहीये. कागद जमवणं हे निम्मंच काम आहे, उरलेलं निम्मं म्हणजे ते कागद एकमेकांशी जुळवणं, आणि आपण सगळे पहिलं करतो आणि दुसरं राहून जातं.

आमचं असं होतं की मी २०२० मध्ये पीआर, म्हणजे कॅनडाची कायमची रहिवासी, झाले, तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. हे आधी सांगतेय कारण ते फार महत्त्वाचं आहे. पीआर मिळायच्या आधी लग्न झालं असेल आणि ते त्या वेळी अर्जात सांगितलं नसेल, तर नंतर त्याच माणसाला स्पॉन्सर करता येत नाही, निदान सहजासहजी तर नाहीच. एका ओळखीच्या मुलीचं असंच झालं, पीआरचा अर्ज आधीच भरलेला होता, मधेच लग्न झालं, कळवायचं राहून गेलं, 'नंतर बघू' म्हणाली. असं काही असेल तर कागद गोळा करायच्या आधी चांगल्या वकिलाला किंवा लायसन्स असलेल्या कन्सल्टंटला गाठा, हे ब्लॉग वाचून सुटणारं काम नाही.

लग्न झालं मे २०२२ मध्ये, अर्ज टाकला नोव्हेंबरमध्ये. आम्ही दोघंही तशी व्यवस्थित माणसं, रंगीत टॅब लावलेली फाईल, स्कॅन सगळे स्वच्छ. आणि मे २०२३ मध्ये ईमेल आला. त्यात म्हटलं होतं की अर्जात दिलेल्या तारखा आणि पासपोर्टवरचे शिक्के जुळत नाहीत, खुलासा द्या, आणि दुबईचं पोलीस सर्टिफिकेट (तिथे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) जोडा, मुदत ३० दिवस.

पोलीस सर्टिफिकेटचा नियम असा की गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं आणायचं, वय अठरा व्हायच्या आधीचं सोडून. नवऱ्याला पक्कं आठवत होतं की तो ऑगस्टमध्ये दुबईला गेला आणि जानेवारीत परत आला, "संक्रांत घरी झाली ना माझी." म्हणजे साधारण साडेपाच महिने, म्हणून दुबईचं सर्टिफिकेट लागत नाही असं आम्ही ठरवून मोकळे झालो. पण आम्हीच अर्जाला त्याच्या जुन्या पासपोर्टची सगळी पानं जोडली होती. कोपरा कापलेला, रद्द झालेला पासपोर्ट. नीट कागद असावेत म्हणून जोडला, आणि त्याच्या पान क्रमांक ११ वर भारतात परत आल्याचा शिक्का होता.

त्या रात्री तो भारतात आणि मी इथे, दोघं व्हिडिओ कॉलवर तोच एक स्कॅन उघडून बसलो होतो. शिक्का अर्धा पुसलेला, निळी शाई शेजारच्या पानावर उमटलेली, तारखेतला पहिला आकडा १ दिसत होता, पुढचा ७ की ९ कळेना. महिन्याचं पहिलं अक्षर मात्र झूम केल्यावर स्वच्छ दिसलं, इंग्रजी एफ. जानेवारी एफ वरून सुरू होत नाही. मग त्याने जुन्या ईमेलमध्ये शोधून तिकीट काढलं, १९ फेब्रुवारी. जाताना ९ ऑगस्ट. म्हणजे सहा महिने आणि दहा दिवस. संक्रांत घरी झाली होती ती त्याच्या पुढच्या वर्षीची.

आता कुणी म्हणेल एवढ्यात काय, महिनाभराची तर चूक. पण कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं ४० वं कलम आहे, त्यात चुकीची माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती लपवली असं ठरलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. आम्ही काही लपवत नव्हतो, पण समोरच्याला ते कसं कळणार? त्याच्यासमोर दिसतंय ते एवढंच की सहा महिन्यांची रेषा आहे आणि या माणसाने आपला मुक्काम बरोबर त्या रेषेच्या अलीकडे दाखवलाय. मी त्या अधिकाऱ्याच्या जागी असते तर मलाही शंका आली असती. हा विचार डोक्यात आला आणि माझी झोप उडाली.

शेवटी आम्ही सरळ लिहिलं. आठवणीतून तारीख भरली, चूक झाली, बरोबर तारखा या, पुरावा म्हणून हे तिकीट आणि हा शिक्का, दुबईच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज केलाय त्याची ही पावती, थोडी मुदत वाढवून द्या. एक पान, त्यावर एकही जास्तीचं वाक्य नाही. मुदत मिळाली, सर्टिफिकेट आलं, अपलोड केलं, फाईल पुढे सरकली. म्हणून सांगते, चूक लक्षात आली की लगेच स्वतःहून सांगा, पत्र यायची वाट बघू नका, आयआरसीसीच्या साईटवर वेबफॉर्म असतो त्यासाठी.

तर आता ती वही.

ईमेल आल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर एक दोनशे पानी वही घेतली आणि त्यात उभ्या रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात महिना आणि वर्ष, दुसऱ्यात तो कुठे राहत होता, तिसऱ्यात काय करत होता, चौथ्यात हे कुठल्या कागदावरून कळतं. शेजारच्या पानावर तेच माझं. दहा वर्षांचे १२० महिने, एकेका महिन्याला एकेक ओळ. एक्सेलमध्ये केलं तरी चालेल, मला हाताने लिहिलं की डोक्यात राहतं. हे काम फॉर्म भरायच्या आधी करायचं असतं, आम्ही ते सगळं झाल्यावर केलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे 'आठवतं' असा शब्द लिहावा लागला तर ती ओळ कच्ची समजा. पगाराची स्लिप, भाडेकरार, बँक स्टेटमेंट, जुना ईमेल, तिकीट, कॉलेजची मार्कशीट, काहीतरी सापडतंच. आम्हाला तर एकदा कुरियरच्या पावतीवरून पत्त्याची तारीख लागली.

आयएमएम ५६६९ या फॉर्ममध्ये दहा वर्षांचा इतिहास विचारतात, शिक्षण, नोकरी, आणि मधे काही करत नसाल तर तेही. इथे आपली माणसं हमखास चुकतात. नोकरी सोडली जूनमध्ये, नवीन लागली सप्टेंबरमध्ये, मधले दोन महिने घरीच होतो, मग त्यात काय लिहायचं, म्हणून सोडून देतात. सोडायचं नाही. बेकार होतो असं लिहा, परीक्षेचा अभ्यास करत होतो असं लिहा, वडील आजारी होते म्हणून घरी होतो असं लिहा, पण महिना रिकामा ठेवू नका. राहत्या पत्त्यांचंही तसंच. मुलगा पुण्यात पीजीमध्ये राहतोय आणि आधारवर गावचा पत्ता आहे, तर तो जिथे खरोखर राहत होता तो पत्ता लिहायचा. आमच्याकडे 'कायमचा पत्ता' म्हणजे आईवडिलांचं घर, त्यामुळे ही गल्लत फार होते.

लग्नाच्या तारखेचंही सांगते, ते आमचं अगदी थोडक्यात वाचलं. आमचं लग्न लागलं १४ मे रोजी, आणि नोंदणी झाली २ जूनला. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा जो दाखला मिळतो, नमुना 'ई', त्यावर दोन्ही तारखा असतात, लग्न कधी लागलं ती आणि नोंदणी कधी झाली ती. मी माझ्या फॉर्मात १४ मे लिहिली होती आणि नवऱ्याने त्याच्या फॉर्मात २ जून, कारण त्याच्या मते सरकारी तारीख तीच. अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून वाचले म्हणून सापडलं, नाहीतर एकाच जोडप्याच्या लग्नाच्या दोन तारखा गेल्या असत्या. लग्न लागलं ती तारीख लिहायची. आणि हो, लग्नात दोघंही प्रत्यक्ष हजर असायला हवेत, व्हिडिओ कॉलवर लागलेलं किंवा एकाच्या वतीने दुसरंच कुणी उभं राहून लागलेलं लग्न २०१५ पासून कॅनडा स्पॉन्सरशिपसाठी मानत नाही, कोविडच्या काळात हा प्रश्न बऱ्याच जणांना पडला होता.

आता नावं. आपल्या मराठी नावांचा जो घोळ आहे तो इथल्या माणसाला समजावून सांगणं हे एक वेगळंच काम आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं मिळून एका रकान्यात, आडनाव वेगळ्या रकान्यात. पॅन कार्डवर वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर. डिग्रीवर तर आईचंही नाव. बायकांचं त्याहून अवघड, लग्नाआधी मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं, आणि काही कागद बदललेले तर काही तसेच. मी माझं नाव बदललं नाही, त्याचं कारण बाकी काहीही असो, पण या अर्जाच्या वेळी मला त्याचा इतका फायदा झाला की विचारू नका.

सासूबाईंचं मात्र वेगळंच निघालं. त्यांच्या लग्नात तांदळात नाव लिहून त्यांचं पहिलं नावच बदललं होतं, त्यांच्या पिढीत हे सर्रास व्हायचं. त्यामुळे नवऱ्याच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव एक, आणि सासूबाईंच्या आधारवर आणि बँकेत दुसरं, कारण माहेरचं नाव त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर होतं आणि त्यावरून पुढचे कागद निघाले. आयएमएम ५४०६ मध्ये आईवडील, भावंडं, मुलं सगळ्यांची माहिती द्यायची असते, हयात नसलेल्यांचीसुद्धा. मी सासूबाईंना फोन करून विचारलं, आई, नक्की कुठलं लिहू? त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "दोन्ही लिही गं, दोन्ही मीच आहे." आणि तेच बरोबर होतं. दोन्ही नावं लिहिली, एक व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं, आणि चार ओळींचा खुलासा जोडला की लग्नानंतर नाव बदलायची पद्धत होती. यावर नंतर कुणीही काहीही विचारलं नाही.

जन्मतारखेचंही असंच. सासऱ्यांची जन्मतारीख सगळ्या कागदांवर १ जून. ज्यांच्या घरात जुन्या पिढीतली माणसं आहेत त्यांना हे लगेच कळेल, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. खरं तर ते श्रावणातले, आणि घरात वाढदिवस तेव्हाच होतो. फॉर्मात १ जूनच लिहायची, कारण त्यांचा प्रत्येक कागद तेच सांगतोय. घरची खरी तारीख घरात ठेवा. माझी नणंद हौसेने तिच्या माहितीप्रमाणे फॉर्म भरायला मदत करत होती आणि तिने श्रावणातली तारीख काढून लिहिली होती, तिच्या चांगुलपणाला काही बोलवेना, पण बदलावी लागली. घरच्यांकडून माहिती घेताना तोंडी घेऊ नका, कागदाचा फोटो मागवा.

भाषांतराबद्दल. जो कागद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नाही त्याचं भाषांतर लागतं, सोबत मूळ कागदाची कॉपी, आणि भाषांतर करणारा कॅनडातला सर्टिफाइड नसेल तर त्याचं शपथपत्र. आणि घरातल्या माणसाने केलेलं चालत नाही. माझी आत्या आयुष्यभर इंग्रजी शिकवत होती, तिने किती प्रेमाने सगळे दाखले भाषांतर करून ठेवले होते, सुवाच्य अक्षरात, पण नियम म्हणजे नियम, नातेवाईक स्वतः व्यावसायिक भाषांतरकार असला तरी चालत नाही. तिला सांगताना मलाच वाईट वाटलं. पण तिचं काम वाया गेलं नाही, कारण बाहेरून करून आणलेलं भाषांतर मी तिच्या भाषांतराशी ताडून बघितलं आणि त्यात जन्माचं वर्ष चुकलेलं सापडलं. मराठी ५ आणि ६ मध्ये गडबड, हाताने लिहिलेल्या जुन्या दाखल्यात ते होतंच. त्यामुळे पैसे देऊन करून घेतलंय म्हणून डोळे झाकून अपलोड करू नका, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचा.

नात्याचे पुरावे हा भाग सगळ्यांना सोपा वाटतो, मला तो सगळ्यात जड गेला. फोटो जास्तीत जास्त वीस, चॅट, कॉल वगैरे मिळून जास्तीत जास्त दहा पानं, निदान मी भरला तेव्हा तरी चेकलिस्टमध्ये तसंच होतं. दोन वर्षांचं बोलणं दहा पानांत. आणि आमचे चॅट मराठीत, म्हणजे त्यांचंही भाषांतर. आपण नवऱ्याशी रात्री एक वाजता काय बोलतो हे एका अनोळखी माणसाला वाचायला द्यायचं, त्याने ते इंग्रजीत करायचं आणि मग दुसऱ्या अनोळखी माणसाने ते वाचून ठरवायचं की हे लग्न खरं आहे का. मला ते फार लागलं होतं तेव्हा. पण मग मी असा विचार केला की ज्याला आमच्याबद्दल काहीच माहीत नाही त्याला आमचं रोजचं आयुष्य दिसायला हवं. म्हणून मी आय लव्ह यू वाली पानं काढून टाकली आणि त्याला ताप आला होता तेव्हाचं पान ठेवलं, त्यात मी दर दोन तासांनी ताप विचारतेय आणि तो आकडे पाठवतोय. त्याच्या बहिणीच्या बाळंतपणाच्या दिवसाचं ठेवलं. माझ्या घरमालकाने भाडं वाढवलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून हिशोब केला होता, ते ठेवलं. साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक पान, म्हणजे सगळा काळ दिसतो.

फोटोंचंही तेच. लग्नातले दोनशे फोटो सुंदर असतात पण ते सगळे एकाच दिवसाचे. साखरपुडा, लग्न, नंतर मी भारतात गेले तेव्हाचे, दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे, आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि फोटोत कोण कोण आहे. हे लिहिताना परत वही उघडायची, कारण फोटोखालची तारीख आणि माझ्या पासपोर्टवरची भारतात असल्याची तारीख जुळायला हवी. आयएमएम ५५३२ मध्ये तुमची ओळख कशी झाली, कुणी करून दिली, भेटलात कधी, लग्न कसं झालं हे सगळं विचारतात. आमचं कांदेपोहे वालं लग्न, म्हणजे आधी घरच्यांनी स्थळ बघितलं, मग आम्ही पाच महिने बोललो, मग ठरलं. काही जणांना वाटतं की ठरवून केलेलं लग्न म्हटलं की शंका घेतील, म्हणून ते प्रेमकथा रंगवतात. कृपा करून असं करू नका. जसं झालं तसं लिहा. मावशीने स्थळ आणलं असेल तर मावशीने आणलं असंच लिहा, पहिल्या भेटीला आठ माणसं होती तर आठ माणसं होती. आमच्यासारखी हजारो लग्नं या टेबलांवरून जात असणार. आणि हा फॉर्म दोघांनी एकदा तरी एकत्र बसून वाचा, कारण पहिला फोन कुणी केला यावर आमचंच एकमत नव्हतं, कॉल लॉग काढून बघावा लागला. मी केला होता.

माझ्या बाजूचे कागद त्या मानाने कमी होते. आयएमएम १३४४ म्हणजे स्पॉन्सर व्हायचा अर्ज आणि हमीपत्र. ती सही करण्याआधी वाचा, खरंच वाचा. नवरा पीआर झाल्या दिवसापासून तीन वर्षं त्याच्या मूलभूत गरजांची जबाबदारी तुमची, मधे भांडण होवो, वेगळे होवोत, नोकरी जावो, ती हमी संपत नाही. नवरा-बायकोच्या अर्जात सहसा उत्पन्नाची किमान मर्यादा नसते, आईवडिलांच्या अर्जात असते, तरी इन्कम टॅक्सची नोटिस ऑफ असेसमेंट आणि नोकरीचं पत्र मी जोडलं होतं. क्यूबेकमध्ये राहत असाल तर तिथलं वेगळं असतं, त्या प्रांताचा वेगळा अर्ज करावा लागतो. मी ओंटारियोतली, त्यामुळे त्यातलं मला काही सांगता येणार नाही.

फोटोची साईज सांगायची राहिली, पीआरचा फोटो ५० बाय ७० मिलिमीटर, आणि चेहरा हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंत ३१ ते ३६ मिलिमीटर. भारतातल्या स्टुडिओत नुसतं पासपोर्ट फोटो म्हटलं की ते त्यांच्या नेहमीच्या मापाचा काढून देतात. आयआरसीसीच्या साईटवरचा नमुना प्रिंट करून घेऊन जा. मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव, पत्ता आणि काढल्याची तारीख पाहिजे. भारताचं पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तेच पोलीस सर्टिफिकेट, पासपोर्ट ऑफिसमधून काढायचं, आणि नवरा सध्या राहतोय त्या देशाचं असल्यामुळे ते अर्जाच्या आधी सहा महिन्यांच्या आतलं हवं. म्हणून ते सगळ्यात शेवटी काढा, आधी उत्साहात काढून ठेवलं की बाकीचे कागद जमेपर्यंत ते जुनं होतं. मेडिकल आणि बोटांचे ठसे त्यांनी पत्र पाठवल्यावर द्यायचे असतात, आणि मेडिकल त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच.

कॉम्प्युटरवर फाईल ठेवताना नाव असं द्या की तुमच्याशिवाय दुसऱ्या माणसालाही कळेल, स्कॅन ००१, स्कॅन फायनल, फायनल नवीन असं नको. आम्ही चेकलिस्टचा क्रमांक, कुणाचा कागद, काय कागद, अशा क्रमाने नावं दिली होती, आणि जुन्या फाईल्स एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या, पुसल्या नाहीत. पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीची जशीच्या तशी कॉपी ठेवा, कारण सहा महिन्यांनी पत्र आल्यावर आपण काय लिहिलं होतं हेच आठवत नाही. पीडीएफचे फॉर्म ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, डाउनलोड करून अॅक्रोबॅट रीडरमध्येच उघडावे लागतात, त्यात माझी एक आख्खी संध्याकाळ गेली होती.

जानेवारी २०२४ मध्ये तो आला. सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत, जुना कोपरा कापलेला पासपोर्टसुद्धा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पाच मिनिटांत सगळं उरकलं, माझ्याबद्दल एक प्रश्न विचारला, वेलकम म्हणाला. मी बाहेर चार तास उभी होते.

वही अजून सुरू आहे. नागरिकत्वाच्या अर्जाला पाच वर्षांत १०९५ दिवस कॅनडात असल्याचं दाखवावं लागतं आणि देशाबाहेरच्या प्रत्येक प्रवासाची तारीख विचारतात, त्यामुळे आता आम्ही दोघंही जातानाच लिहून ठेवतो. परवा त्याचं भारताचं तिकीट काढलं, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. जायची तारीख त्याने स्वतःच वहीत लिहिली, चौथ्या रकान्यात तिकिटाचा नंबर टाकला, आणि यायच्या तारखेचा रकाना मोकळा ठेवलाय, तो शिक्का बघून भरायचा.